गोटूवर विणलेली नक्षी: जुन्या बेसिकमध्ये सोलापुरी चादरीचा बुट्टा

१९९०च्या आसपास ज्यांनी क्लासला जाऊन काळ्या पडद्यावर जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकली, त्यांना ओळींचे आकडे अजून आठवतात. १०, २०, ३०, आणि मध्ये काही राहिलं तर १५. त्या भाषेत भाग वेगळे करायला महिरपी कंसांच्या जोड्या नव्हत्या, ओळी आत सरकवायची गरज नव्हती. अट तपासायची आणि अमुक ओळीवर उडी मारायची, एवढंच. आजच्या भाषांमधली प्रत्येक व्हाइल (‘अट खरी असेपर्यंत’) आणि प्रत्येक एल्स (‘नाहीतर’) खाली उतरून पाहिली तर शेवटी तेच करते, फक्त ते दिसत नाही. जुन्या बेसिकमध्ये ते उघड्यावर असतं. म्हणून ती आठवण नुसती काढण्यापेक्षा भाषा परत चालवून बघणं जास्त मोलाचं आहे.

इथे आपण चादरीचा एक बुट्टा पडद्यावर छापणार आहोत. हे उदाहरण सोलापुरात बसून घेण्याला कारण आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात जॅकार्डवरून पुठ्ठ्यांची माळ फिरताना पाहिली असेल, तर प्रोग्रामचा पहिला भाग तुम्हाला आधीच माहीत आहे. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली बसवलेली युक्ती अशी: एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. जिथे भोक आहे तिथला हुक उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. शेवटचा पुठ्ठा पहिल्याला शिवलेला असतो, त्यामुळे नक्षी पुन्हा पुन्हा येत राहते. म्हणजे क्रम आहे, न संपणारी आवर्तनं आहेत, पण ‘असं असेल तर तिकडे जा’ हे पुठ्ठ्याला सांगता येत नाही. बेसिकने ते इफ-देन (‘असं असेल तर’) आणि गोटू (‘तिकडे जा’) यांच्या रूपात हातात दिलं.

लागणारं सामान

एक साधा संगणक, चौकटीचा कागद, पेन्सिल आणि पीसी-बेसिक. हे जीडब्ल्यू-बेसिकसारखंच वागणारं मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पायथन आधीच घातलेलं असेल तर त्याच्या पिप या साधनाने ‘पीसीबेसिक’ या नावाने ते उतरवता येतं. जुनी मूळ फाइल जपून ठेवली असेल तर ती डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही चालेल. मायक्रोसॉफ्टने जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ सोर्स कोड २०२० साली खुला केला आहे, पण तो जुळवत बसायची या कामासाठी गरज नाही.

सुरू केल्यावर ‘ओके’ दिसेल आणि खाली कर्सर लुकलुकेल. ओळीच्या आकड्याने सुरुवात केली तर ती ओळ प्रोग्राममध्ये साठते, आकड्याशिवाय लिहिली तर तिथल्या तिथे चालते. तोच आकडा पुन्हा टाइप केला की जुनी ओळ जाऊन नवी बसते. नुसता आकडा टाकून एंटर दाबलं की ती ओळ पुसली जाते. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १ मे १९६४ रोजी बेसिक पहिल्यांदा चालवली तेव्हा समोर पडदाच नव्हता, कागदावर छापणारा टेलिटाइप होता. ओळींना आकडे देणं ही त्या काळची दुरुस्तीची सोय होती आणि उडी मारायचा पत्ताही तोच होता. एका आकड्याकडे ही दोन कामं असल्यामुळे पुढचा बराचसा गोंधळ जन्माला येतो.

उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि यूपीएस नसेल तर टाइप केलेलं सगळं जातं. दहा ओळी झाल्या की सेव्ह लिहून अवतरणात नाव द्या. नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा. नावापुढे स्वल्पविराम देऊन ए लिहिलं तर फाइल साध्या मजकुराच्या रूपात साठते आणि नंतर कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. ही सवय लावून घ्याच, कारण तसं न केल्यास बेसिक स्वतःच्या आखूड सांकेतिक रूपात साठवते आणि एडिटरमध्ये नुसती चिन्हं दिसतात.

आधी कागद

चौकटीच्या कागदावर आठ चौकोन रुंद, आठ चौकोन उंच जागा आखा. त्यात पोकळ चौकडा काढा: पहिल्या ओळीत मधले दोन चौकोन भरा, दुसऱ्या ओळीत मधले चार. तिसरीत दुसरा-तिसरा आणि सहावा-सातवा, चौथीत पहिला-दुसरा आणि सातवा-आठवा. पुढच्या चार ओळी याच उलट क्रमाने.

आता प्रत्येक ओळीचा एक आकडा करायचा. आठ उभ्या रकान्यांना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती द्या आणि भरलेल्या चौकोनांच्या किमतींची बेरीज करा. पहिली ओळ १६ आणि ८, म्हणजे २४. दुसरी ६०, तिसरी १०२, चौथी १९५. एक आकडा म्हणजे एक पुठ्ठा, आठ किमती म्हणजे आठ हुक. बेरीज दोनदा तपासा. इथे चुकलं तर संगणक तक्रार करत नाही, नक्षी तेवढी वाकडी येते.

प्रोग्राम

खालचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. रेम म्हणजे नुसती टीप; रीड म्हणजे डेटामधला पुढचा आकडा घेणं; रिस्टोअर म्हणजे पुन्हा पहिल्या आकड्यावर येणं; गोसब म्हणजे अमुक ओळीवर जाऊन रिटर्न आलं की परत येणं. डेटामधला -१ ही शेवटाची खूण आहे. फॉर-नेक्स्ट ही फेऱ्याची तयार सोय मुद्दाम वापरलेली नाही. इफच्या देनपुढे फक्त ओळीचा आकडा आहे, कारण १९६४च्या बेसिकमध्ये देनपुढे दुसरं काही चालतच नसे.

१० रेम नक्षी
२० आर = ०
३० रिस्टोअर
४० रीड के
५० इफ के < ० देन १२०
६० टी = ०
७० गोसब ५००
८० टी = टी + १
९० इफ टी < ९ देन ७०
१०० प्रिंट
११० गोटू ४०
१२० आर = आर + १
१३० इफ आर < २ देन ३०
१४० एंड
५०० बी = १२८
५१० सी = के
५२० इफ सी >= बी देन ५५०
५३० प्रिंट ".";
५४० गोटू ५७०
५५० प्रिंट "*";
५६० सी = सी - बी
५७० बी = बी / २
५८० इफ बी >= १ देन ५२०
५९० रिटर्न
६०० डेटा २४, ६०, १०२, १९५, १९५, १०२, ६०, २४, -१

रन लिहून एंटर दाबा. नऊ चौकडे शेजारी-शेजारी आणि त्यांच्या दोन रांगा दिसायला हव्यात. नऊच का? आठ गुणिले नऊ म्हणजे ७२, आणि पडदा ८० अक्षरांचा आहे. दहा केले तर ओळ काठोकाठ भरते आणि पुढची ओळ कुठे सुरू होईल याची कटकट मागे लागते.

५०० पासूनचा भाग एकदा हाताने चालवून बघा, सगळी गंमत तिथेच आहे. के १०२ आहे असं धरा. १२८ पेक्षा कमी, म्हणून टिंब. बी ६४ झाला, १०२ मोठा, म्हणून तारा, आणि सी उरला ३८. बी ३२, पुन्हा तारा, सी ६. बी १६, टिंब. बी ८, टिंब. बी ४, तारा, सी २. बी २, तारा, सी ०. बी १, टिंब. म्हणजे टिंब, दोन तारे, दोन टिंबं, दोन तारे, टिंब: कागदावरची तिसरी ओळ. बी ०.५ झाला की ५८० वरची अट खोटी ठरते आणि रिटर्न होतं. कुठेही एल्स नाही, तरी ५४० वरच्या गोटूने एल्सचं काम केलं. तो गोटू काढून टाका आणि बघा: प्रत्येक टिंबामागे एक तारा येतो, शिवाय वजाबाकीही होते, आणि नक्षीचा मागमूस राहत नाही.

काय बिघडतं आणि का

पहिला बुट्टा बरोबर, पुढचे आठ कोरे: ५१० गाळून ५२० आणि ५६० मध्ये सी ऐवजी थेट केच वापरलात. गोसबला स्वतःची वेगळी जागा नसते. मुख्य प्रोग्राममधला के आणि तिथला के एकच. पहिल्याच फेरीत तो शून्यावर आला, मग पुढच्या आठ फेऱ्यांना छापायला काही उरलं नाही. म्हणून सी मध्ये प्रत घ्यायची.

पहिल्या ताऱ्यानंतर उजवीकडे सगळे तारेच: ५६० राहिली.

नक्षी नीट छापून झाल्यावर आठ टिंबं आणि ‘रिटर्न विदाऊट गोसब इन ५९०’: १४० वरचा एंड विसरला. या भाषेत मुख्य भाग आणि उपभाग यांच्यात भिंत नाही. थांबवलं नाही तर अंमल १३० वरून थेट ५०० मध्ये उतरतो. त्या वेळी के मध्ये शेवटचा -१ असतो, म्हणून आठही टिंबं. परत जायला पत्ता नसतो, म्हणून ती चूक.

एक रांग छापून ‘आउट ऑफ डेटा इन ४०’: एक तर शेवटचा -१ राहिला, किंवा १३० मध्ये ३० ऐवजी ४० लिहिलं. रिस्टोअर म्हणजे माळ पुन्हा पहिल्या पुठ्ठ्यावर आणणं. ते मागावर शिवणीमुळे आपोआप होतं, इथे सांगावं लागतं.

पडदा भरभर वर सरकतोय आणि थांबत नाही: ९० मध्ये ७० ऐवजी ६० लिहिलं आहे. प्रत्येक फेरीत टी परत शून्य होतो. कंट्रोल धरून ब्रेक दाबा, किंवा कंट्रोल धरून सी. कुठे थांबला तो आकडा पडद्यावर येतो. प्रिंट लिहून टी ची किंमत विचारा आणि मग काँट लिहून पुढे चालवा. चालू प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्याशी बोलता येणं ही या जुन्या बेसिकची फार मोठी सोय होती.

सगळ्यांत दगाबाज चूक वेगळीच आहे. ५९० वर रिटर्नऐवजी गोटू ८० लिहिलं तरी छोटी नक्षी व्यवस्थित छापली जाऊ शकते. पण प्रत्येक गोसब परतीचा पत्ता साठवून ठेवतो आणि तो रिटर्ननेच रिकामा होतो. नक्षी लांब केली की पत्ते साचतात आणि भलत्याच ठिकाणी ‘आउट ऑफ मेमरी’ येतं. गोसबने आत गेलात तर रिटर्ननेच बाहेर या, याला अपवाद ठेवू नका.

चूक सापडत नसेल तर ट्रॉन लिहून मग रन करा. चाललेल्या प्रत्येक ओळीचा आकडा चौकोनी कंसात छापला जातो. आधी ९० मध्ये ९ च्या जागी १ करा, नाहीतर आकड्यांच्या गर्दीत काही दिसणार नाही. बंद करायला ट्रॉफ.

बाण काढायची रीत

प्रोग्राम कागदावर उतरवा. खाली जाणाऱ्या उड्यांचे बाण ओळींच्या उजवीकडे काढा, वर जाणाऱ्यांचे डावीकडे. डावीकडचा प्रत्येक बाण म्हणजे एक फेरा. आपल्या मुख्य भागात डावीकडे तीन बाण येतात: ९० ते ७०, ११० ते ४०, १३० ते ३०. ते एकात एक नीट बसतात. एकमेकांना छेदत असतील तर तिथे प्रोग्राम गुंतला आहे, पुन्हा आखा. उजवीकडे ५२० ते ५५० आणि ५४० ते ५७० हे दोन बाण एकमेकांवर चढतात. इफ-एल्स हाताने लिहिलं की हे होणारच, त्याला हरकत नाही. ५० ते १२० हा फेऱ्याच्या मधूनच बाहेर पडणारा बाण, तोही चालतो. चालत नाही तो बाहेरून फेऱ्याच्या मध्यात घुसणारा बाण. तो दिसला की खोडाच, कारण फेऱ्याच्या सुरुवातीची तयारी वगळली जाते. टी = ० न होताच ७० वर पोचलात तर किती बुट्टे छापले जातील ते आधी काय घडलं यावर ठरेल.

संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांचं गोटूविरुद्धचं प्रसिद्ध पत्र मार्च १९६८ मध्ये छापून आलं. त्याआधी १९६६ मध्ये बोम आणि याकोपिनी यांनी दाखवून दिलं होतं की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तिघांवर कुठलाही प्रोग्राम उभा राहतो. १९७४ मध्ये डोनल्ड नुथ यांनी काही जागी गोटू योग्यच ठरतो हे उदाहरणांनी मांडलं, त्यात फेऱ्याच्या मधून बाहेर पडणंही आहे. वर सांगितलेली बाणांची रीत पाळली तर गोटू वापरूनही त्या तिघांच्या चौकटीजवळच राहता येतं. आमच्या मते शिकणाऱ्याने हे आधी हाताने करावं. मग व्हाइल वापरताना ती अट कुठे तपासते हे त्याला विचारावं लागत नाही.

अट कुठे तपासली जाते यावर बरंच ठरतं. आपला ७० ते ९० चा फेरा अट तळाशी तपासतो, म्हणून तो निदान एकदा चालतोच. ९० मध्ये ९ च्या जागी ० केलंत तरी एक बुट्टा येणार. फोरट्रान या जुन्या भाषेच्या बऱ्याच कंपायलरांत (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) डू हा फेरा असाच वागायचा. जीडब्ल्यू-बेसिकचा फॉर मात्र सुरुवात शेवटापेक्षा मोठी असली तर आत शिरतच नाही. जुना प्रोग्राम एका भाषेतून दुसरीत नेताना सगळ्यांत आधी हे तपासा.

दुसरा बुट्टा, ऑन-गोटूने

६१० वर पायऱ्यांची नक्षी घाला: डेटा १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७, २५५, -१. मग या ओळी टाका. इनपुट तुमच्याकडून आकडा घेतो, आणि ऑन-गोटू एम १ असेल तर पहिल्या पत्त्यावर, २ असेल तर दुसऱ्यावर जातो. ३० आपोआप बदलली जाईल.

१५ इनपुट एम
१६ इफ एम < १ देन १५
१७ इफ एम > २ देन १५
३० ऑन एम गोटू ३२, ३६
३२ रिस्टोअर ६००
३४ गोटू ४०
३६ रिस्टोअर ६१०

एवढ्या उड्या कशाला, रिस्टोअरपुढे थेट चल (एमसारखं किंमत ठेवणारं नाव) का नाही लिहायचा? कारण तिथे फक्त ओळीचा आकडा चालतो. १६ आणि १७ गाळू नका. एम ० किंवा ३ असेल तर ऑन-गोटू काही न बोलता पुढच्या ओळीवर जातो, म्हणजे ३२ वर, आणि मागितलेलं नसताना पहिलाच बुट्टा येतो. उणे आकडा दिला तर मात्र ‘इलीगल फंक्शन कॉल’ म्हणून थांबतो.

आता आकडे दाटीवाटीचे झाले. रीनम लिहिलं की सगळ्या ओळी पुन्हा १०, २०, ३० अशा होतात आणि गोटू, गोसब, देन, रिस्टोअर यांच्यापुढचे पत्तेही बदलले जातात. रेममध्ये लिहिलेले आकडे मात्र तसेच राहतात, म्हणून रेममध्ये ‘५०० बघा’ असं लिहू नये, ‘पुठ्ठा छापणारा भाग’ असं लिहावं.

पुढे दिलेले ओळींचे आकडे रीनमच्या आधीचे आहेत. पडद्यावरचा चौकडा उभट दिसेल, कारण अक्षराची जागा रुंदीपेक्षा उंच असते. दोन टिंबं आणि दोन तारे छापा आणि ९० मध्ये ९ ऐवजी ४ करा, म्हणजे ओळ ६४ अक्षरांची होईल. चादर उलटी केल्यावर दिसणारी रंगांची अदलाबदल हवी असेल तर ५३० आणि ५५० मधली चिन्हं आपसात बदला.

घरच्या चादरीवरचा खरा बुट्टा घ्यायचा तर आठ रकाने पुरत नाहीत. सोळा करा: ५०० मध्ये १२८ ऐवजी ३२७६८ आणि, चिन्हं एकेरीच ठेवून, आवर्तनं ४. चलाच्या नावापुढे टक्क्याचं चिन्ह लावून त्याला पूर्णांक करू नका, पूर्णांक ३२७६७ पर्यंतच जातो आणि ‘ओव्हरफ्लो’ येईल. त्याहून रुंद बुट्ट्याला एका ओळीसाठी दोन आकडे ठेवा आणि गोसब दोनदा बोलवा.

तेच काम फोरट्रानमध्ये

आयबीएमच्या जॉन बॅकस आणि त्यांच्या गटाची फोरट्रान १९५७ साली बाहेर पडली, म्हणजे बेसिकच्या आधी. तिचा इफ तीन वाटांचा: कंसातली किंमत उणे असेल तर पहिला पत्ता, शून्य असेल तर दुसरा, अधिक असेल तर तिसरा. आपला पुठ्ठा छापणारा भाग त्यात असा होतो:

      एन = १२८
      एल = के
      आय = १
   १० इफ (एल - एन) २०, ३०, ३०
   २० एम(आय) = '.'
      गोटू ४०
   ३० एम(आय) = '*'
      एल = एल - एन
   ४० आय = आय + १
      एन = एन / २
      इफ (एन) ५०, ५०, १०
   ५० प्रिंट १००, एम
  १०० फॉरमॅट (१एक्स, ८ए१)

वर एम हा आठ जागांचा कॅरेक्टर अ‍ॅरे (एकाच नावाखालची एकेका अक्षराची आठ घरं) म्हणून जाहीर करा, के ला १०२ द्या, शेवटी एंड लिहा. चलांची नावं बदलली आहेत ती उगीच नाही. जाहीर न केलेलं नाव आय ते एन या अक्षरांनी सुरू होत असेल तर ते पूर्णांक, बाकी सगळे दशांश. इथे एन पूर्णांक असल्यामुळे १ भागिले २ शून्य होतं आणि फेरा थांबतो. नाव बी ठेवलं तर ते ०.५, मग ०.२५ असं होत राहील, फेरा आठवर थांबणार नाही आणि आय आठच्या पलीकडे जाऊन दुसऱ्याची जागा खराब करेल.

फाइलचं नाव टिंब-एफने संपवा आणि जीफोरट्रान या मोफत कंपायलरला ‘-std=legacy’ हा पर्याय द्या, कारण तीन वाटांचा इफ फोरट्रान २०१८ मधून काढून टाकला आहे. रकाने काटेकोर पाळा, हे नियम ८० रकान्यांच्या, भोकं पाडलेल्या जुन्या कार्डाचे आहेत: ओळीचा पत्ता १ ते ५ मध्ये, सहावा रकाना फक्त मागची ओळ पुढे चालू असेल तेव्हाच भरायचा, विधान ७ ते ७२ मध्ये. ७३ पासून पुढचं वाचलंच जात नाही. लांब ओळीचा शेवटचा कंस ७३ वर गेला तर कंपायलर कंस नाही म्हणून ओरडतो आणि तुम्हाला तो डोळ्यांसमोर दिसत असतो. फॉरमॅटमधला १एक्स म्हणजे सुरुवातीची एक मोकळी जागा. लाइन प्रिंटरवर ओळीचं पहिलं अक्षर छापलं जात नसे, ते कागद किती सरकवायचा हे सांगायचं: मोकळी जागा म्हणजे एक ओळ, शून्य म्हणजे दोन, एक म्हणजे नवं पान.

आठ पुठ्ठ्यांसाठी बाहेर डू लावणार असाल तर १ आणि ८ यांच्यामध्ये स्वल्पविरामच आहे ना, हे दोनदा पाहा. या जुन्या मांडणीत मोकळ्या जागांना अर्थ नाही. ‘डू ६० जे = १.८’ असं टिंब पडलं तर कंपायलर त्याला ‘डू६०जे’ नावाच्या चलात १.८ ठेवा असं समजतो, कुठलीही तक्रार करत नाही, आणि फेरा न फिरता एकच ओळ छापली जाते.